फ्लेक्सिबल म्हणजे किती

दिनांक ४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. ठरलेली रक्कम सहा हजार रुपये. तीन हजार त्याच दिवशी रोख, उरलेले तीन हजार नोकरी लागून पहिला पगार हातात आल्यावर. हजर तिघे: इंग्रजीच्या क्लासच्या मॅडम, मी आणि माझी बायको.

अर्धी फी नोकरीनंतर घ्यायची ही मॅडमची पद्धत. तिचा कुठे कागद नसतो. नोकरी लागल्यावर माणूस फिरकलाच नाही तर, असं मी विचारलं. पुष्कळ जण फिरकत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मग पद्धत बदलत का नाही, हे मी विचारणार होतो, पण बायकोनं माझा कोपर धरला. तिला बसायचं होतं. दोन तासांपूर्वीच ती डायलिसिसवरून उठली होती आणि आत्ता दोन जिने चढून आली होती.

दाराजवळ एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. मॅडम म्हणाल्या, ताई इथे बसतील तर बसू द्या, त्यांची काही फी नाही. अशा रीतीनं आम्ही दोघंही त्या क्लासला जाऊ लागलो. मी शिकायला, ती बसायला.

मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. त्याआधी चोवीस वर्षं कळमेश्वरला, रबराचे सील आणि गॅस्केट बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. मालकांनी कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला. ज्यांना यायचं त्यांनी यावं, असं सांगितलं. मला जाण्यासारखं नव्हतं. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि दर मंगळवारी व शुक्रवारी धंतोलीतल्या एका दवाखान्यात सरकारी योजनेतून तिचं डायलिसिस होत असे. त्या योजनेतली जागा मिळायला आम्हाला पाच महिने थांबावं लागलं होतं. नवीन गावी पुन्हा तशी वाट पाहायला तिच्याकडे पाच महिने नव्हते. मुलगी लग्न होऊन पुण्याला, तिचं बाळ तान्हं. मी हिशोब घेतला आणि घरी बसलो.

मग जाहिराती वाचू लागलो. गोदामाची असो, पेट्रोल पंपाची असो की एखाद्या शाळेच्या ऑफिसची, एक ओळ सगळीकडे सारखी असायची: उमेदवार फ्लेक्सिबल हवा, ॲडॅप्टेबल हवा. इंग्रजी मला वाचता येत होतं. चोवीस वर्षं ड्रॉइंग आणि मापांचे कागद वाचले होते. बोलायची वेळ आली की मात्र जीभ जड व्हायची. सीताबर्डीत एका बॅगांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या माळ्यावर, इंटरव्ह्यूच्या इंग्रजीचा हा क्लास होता आणि तो नेमका मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी भरायचा. आमचं घर काटोल रोडला, पार टोकाला. डायलिसिस दुपारी तीनला संपल्यावर तिला घरी सोडून पुन्हा बर्डीला येणं म्हणजे ऑटोचा दुप्पट खर्च. म्हणून ती खुर्ची.

मॅडमचा एक नियम होता. शब्द शिकवला की प्रत्येकानं त्यावर आपल्या जगण्यातलं खरं वाक्य करायचं. पुस्तकातलं चालणार नाही. खोटं वाक्य तोंडात अडकतं, असं त्या म्हणत. जुळवून घेण्याच्या शब्दांवर त्यांनी बरेच दिवस घालवले, कारण त्यांच्या मते इंटरव्ह्यूत माणूस याच शब्दांवर पडतो.

ॲडजस्ट हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो आणि मोठा करून वापरतो, असं त्या सांगत. तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, थोडं ॲडजस्ट करा. इंग्रजीत गाडीचा आरसा ॲडजस्ट करतात, पंख्याचा वेग करतात, खुर्चीची उंची करतात. बदल लहान असतो आणि पुन्हा होता तसा करता येतो. ॲडॅप्टमध्ये परत येणं नाही. नागपूरचा माणूस मे महिन्यात दुपारी दारं-खिडक्या लावून घरात बसतो आणि बाजार संध्याकाळी करतो. तो ॲडजस्ट नाही झाला, ॲडॅप्ट झाला. व्हर्सटाइल म्हणजे ज्याला अनेक कामं येतात तो. हा शब्द हाताच्या गुणाचा आहे, स्वभावाचा नाही. रेझिलियंट, म्हणजे पडून पुन्हा उभा राहणारा, हा शब्द अंगावर काही कोसळल्याशिवाय कुणाला लावत नाहीत, म्हणून स्वतःहून तो घेऊ नका, नाहीतर समोरचा विचारेल की काय कोसळलं. प्लाएबल म्हणजे कुणीही वाकवावा असा. तो स्तुतीचा शब्द नाही, हे लक्षात ठेवा. आणि अकोमोडेटिंग हा शब्द स्वतःबद्दल बोलायचाच नाही. तो दुसऱ्यानं आपल्याबद्दल बोलावा, आणि आपण त्याला आपली जागा करून दिल्याशिवाय तो बोलत नाही.

हे चाललं असताना दार उघडून उशिरा आलेली दोन मुलं आत शिरली. "काकू, थोडं," असं म्हणाली. बायकोनं उठून खुर्ची भिंतीला लावली, मुलं आत गेल्यावर पुन्हा जागेवर आणली. ते दार आतल्या बाजूला उघडायचं. एका संध्याकाळी तिला असं बरेचदा उठावं लागे. कुणी मुद्दाम उठवत नव्हतं. खुर्चीची जागाच तशी होती.

फ्लेक्सिबलवर मॅडम जास्त बोलल्या. या शब्दाला दोन टोकं आहेत. टायमिंग फ्लेक्सिबल आहे असं कंपनीनं लिहिलं, तर ती वेळ तुमच्या सोयीनं हलेल की कंपनीच्या, हे त्या शब्दात नसतं. ते बोलणारा कोण यावर असतं.

माझी पाळी आली तेव्हा मी रबराबद्दल बोललो. मोडक्या इंग्रजीत सांगितलं ते असं: आमच्याकडे प्रत्येक लवचीक वस्तूला आकडा असतो. रबराचा तुकडा पाऊण जाडी उरेल इतका दाबून शिकंज्यात बांधतात, एक दिवस आणि एक रात्र भट्टीत ठेवतात. मग सोडतात, थंड होऊ देतात आणि मोजतात. जेवढं दाबलं होतं त्यातलं किती परत आलं नाही, तो आकडा. पंचवीस टक्क्यांच्या वर गेला तर माल नापास. भट्टीपर्यंत जायला वेळ नसेल तर आम्ही तुकड्यावर अंगठा दाबतो आणि खळगा भरतो का ते पाहतो. सवय झाली की अंगठ्याला कळतं. म्हणून मी विचारलं, उमेदवार फ्लेक्सिबल हवा असं लिहितात, तर फ्लेक्सिबल म्हणजे किती?

वर्ग हसला. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे काका, पण इंटरव्ह्यूत विचारू नका."

घरी येताना ऑटोत बायको म्हणाली, "तुमी त्या कंपनीत राहून राहून सगळ्यालेच अंगठा लावता. भाकरीले लावता, पपईले लावता. मले पाहाले आले तवा लावला नाई, म्हणून मी पास झाली."

ती वर्गात फक्त बसते असं आम्हाला वाटत होतं, पण ती ऐकत होती. तिला भाज्या पाण्यात उकळून, ते पाणी फेकून, पुन्हा शिजवून खाव्या लागत. त्या भाजीला ती ॲडॅप्ट भाजी म्हणू लागली. दिवसाला पाऊण लिटरच पाणी प्यायचं होतं. संध्याकाळी बाटलीत घोटभर उरलं की म्हणायची, आज ॲडजस्ट झालं. शब्द ती बरोबर वापरायची. माझ्यासारखा तिला विचार करावा लागत नसे.

एप्रिलपर्यंत मी चार ठिकाणी जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी तो प्रश्न आला आणि मी खरं ते सांगितलं: पाच दिवस कोणत्याही वेळी येईन, मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते चार येता येणार नाही, बायकोचं डायलिसिस असतं. समोरची माणसं वाईट नव्हती. एकानं तर तब्येतीची नीट चौकशी केली. सगळ्यांनीच कळवतो म्हटलं आणि कुणी कळवलं नाही. मॅडमनं मला समजावलं की अटी नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर बोलायच्या असतात, आधी नाही. मला ते पटत नव्हतं. गिऱ्हाइकाला तुकडा पास सांगून माल धाडायचा आणि दोष मागून कळवायचा, तसं ते होतं.

पाचव्या ठिकाणचं बोलावणं आलं. वर्धा रोडला एक मोठं गोदाम, ऑनलाइन मालाचं. परत आलेल्या वस्तू तपासायचं काम. पगार बावीस हजार. निघताना बायको दारात आली. घरात किती पैसे उरले हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

"फ्लेक्सिबल हाव का, असं विचारतेत न? तं हो म्हणा. ते काय अंगठा दाबून पाहणार आहेत?"

"अन् मंगळवार, शुक्रवार?"

"ते मंग पाहू. आधी लागू तं द्या."

तिथे एक बाई आणि एक तरुण माणूस होते. कामाबद्दल पुष्कळ विचारलं, आणि ते मला येत होतं. शेवटी बाईंनी विचारलं, "आर यू फ्लेक्सिबल?" मी म्हटलं, "येस, मॅडम." पुढे काही बोललो नाही. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मला एक मेपासून बोलावलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पगार झाला. त्याच आठवड्यात मी मॅडमना राहिलेले तीन हजार नेऊन दिले. त्या म्हणाल्या, तुम्ही याल असं वाटलंच होतं.

पहिले तीन महिने नीट गेले. शिफ्टचा इन्चार्ज मुलीच्या वयाचा होता. मी त्याला रुजू झाल्या दिवशीच सगळं सांगितलं, आणि त्यानं आपल्या अधिकारात मला मंगळवारी सुट्टी आणि शुक्रवारी रात्रपाळी दिली. ऑगस्टमध्ये सणांचा माल वाढला. पाळ्या कॉम्प्युटरवरून लागू झाल्या. मला रोज सकाळची पाळी आली, घरून साडेपाचला निघायचं, आणि सुट्टी बुधवारी. मी इन्चार्जकडे गेलो. त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावासमोर इंटरव्ह्यूच्या वेळी लिहिलेला तो एक शब्द होता.

"काका, मी वर बोललो. ते म्हणतात, यांनी स्वतः सांगितलं आहे. आता सणाच्या वेळी कसं बदलू?"

त्याला दुसरं काही म्हणता येत नव्हतं, हे मला दिसत होतं. रात्री घरी सांगितलं.

"मी जाईन न एकटी," बायको म्हणाली. "लहान पोरगी आहो का? जाताना ऑटो, येताना ऑटो. सुया ते लावतेत, मले काय करा लागते?"

इथे वजनाचं सांगायला हवं. ज्याची लघवी बंद झाली आहे त्याच्या अंगात प्यायलेलं पाणी साठत जातं आणि डायलिसिस ते काढतं. म्हणून रोज वजन करायचं. पाणी काढल्यावरचं जे खरं वजन असतं ते तिचं साडेसेहेचाळीस किलो होतं. दोन डायलिसिसच्या मधे ते दीड-दोन किलो वाढलं तर चालतं. त्याच्यावर गेलं तर ताण हृदयावर येतो. मी सकाळी निघायचो तेव्हा ती झोपलेली असायची. आठच्या सुमारास, आमच्या चहाच्या वेळी, ती फोन करून आकडा सांगायची. सत्तेचाळीस नऊशे. अठ्ठेचाळीस शंभर. एकदा सेहेचाळीस आठशे. मी तो आकडा मनात घोळवत दिवसभर परत आलेले मिक्सर आणि चपला तपासायचो. बुधवारी सुट्टी असल्यानं काटा मी स्वतः पाहायचो. तो सांगितलेल्या आकड्यांशी जुळायचा. सप्टेंबरअखेर बुधवारचं वजन किलोभर जास्त दिसू लागलं, तेव्हा तिनं अंगी लागून राहिलं, असं सांगितलं. तेही होऊ शकतं. मला समाधान वाटलं.

मंगळवारी डायलिसिस झाल्यावर बुधवारी वजन बरं दिसणारच. आठवड्यातला जो एकच दिवस मला तपासता येत होता, त्याच दिवशी माल पास असायचा. नमुना एकाच पेटीतून घ्यायचा नाही, हे मी चोवीस वर्षं नवीन मुलांना शिकवलं होतं.

दिवाळीच्या आधी एका रविवारी गोदामातली स्कॅनिंगची यंत्रणा बंद पडली आणि आम्हाला दुपारीच घरी सोडलं. मी कुलूप उघडून आत आलो. ती पलंगावर तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपली होती. घरात ती हल्ली मोजे घालायची, टाचा भेगाळल्या म्हणून. आज मोजे काढून ठेवले होते. पायांवर मोज्याच्या रबरानं पडलेला करकोचा होता, त्याच्या वर आणि खाली पाय फुगलेला.

मी शेजारी बसलो आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबला. हलकाच. उचलला तेव्हा तिथे खळगा होता. मी थांबलो. खळगा भरला नाही. घड्याळ पाहायचं मला सुचलं नाही. ती जागी झाली, माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे पाहिलं.

"पाहाले आले का तुमी आज?" ती म्हणाली. वाक्य पुरं करायला तिला मधे श्वास घ्यावा लागला.

काट्यावर उभी केली. बावन्न किलो दोनशे.

ऑटोत ती माझ्या खांद्याला टेकून होती, आडवं होता येत नव्हतं. दवाखान्यात ड्यूटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, शेवटचं डायलिसिस कधी? मी म्हटलं, परवा, शुक्रवारी. ती म्हणाली, मंगळवारी. डॉक्टरनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि आकडा तिचा घेतला.

सहा शुक्रवार ती गेली नव्हती. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं, तातडीचं डायलिसिस होऊन तिला बोलता येऊ लागल्यावर. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी ती सुया काढून बाहेर आली आणि ऑटोची वाट पाहताना डोळ्यांपुढे अंधारी आली. डायलिसिसनंतर रक्तदाब खाली जातो. मी बरोबर असलो की तिला अर्धा तास बाकावर बसवूनच निघायचो. ती एकटी होती, म्हणून घाई केली. फाटकासमोर फुटपाथवर बसली, मग आडवी झाली. लोक जमले. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी म्हणालं की पिऊन आहे वाटते. एका ऑटोवाल्यानं उचलून घरी आणून सोडलं. त्या दिवसानंतर मंगळवारी ती शेजारणीला बरोबर घेऊन जायची. पण शेजारीण कामाला जाते. आठवड्यातून एक दिवस ती देऊ शकत होती, दोन नाही. दवाखान्यात बायकोनं सांगितलं की शुक्रवारचं मी घराजवळ करते. मला रोज सकाळी कमी केलेला आकडा सांगितला. दर मंगळवारी वजन पाहून तिथली माणसं ओरडायची, तेव्हा कलिंगड खाल्लं म्हणून हसायची.

"काहून सांगतलं नाई वं?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं तुमी काय केलं असतं?"

"नोकरी सोडली असती."

"म्हणूनच."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मग तीच म्हणाली, "तुमी तिथं हो म्हणून आले. मंग घरातल्या कोनाले तरी वाकाच लागते न."

मी म्हटलं, वाकायला काही हद्द असते. ती म्हणाली, "होती न. सहा हप्ते."

पलंगाच्या पायथ्याशी तिची फाइल लटकवलेली होती. त्यात पहिल्याच ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं, पेशंट नॉन-कम्प्लायंट. ती डोळे बारीक करून पाहत होती, म्हणून मी वाचून दाखवलं. हा शब्द मॅडमनं दिला नव्हता. अर्थ विचारला. मी म्हटलं, सांगितलेलं न ऐकणारी.

दवाखान्यात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. हसताना धाप लागली. "सव्वीस वर्षांत कोनी पयल्यांदा म्हटलं," ती म्हणाली.

मला हसू आलं नाही. मी डॉक्टरांना भेटून तो शब्द बदलता येईल का विचारलं. ते म्हणाले, पेशंटनं सहा सेशन चुकवले आहेत, याला आम्ही दुसरं काय म्हणू? बरोबरच होतं. बाईनं स्वतःला एवढं मुडपलं की त्या कागदावर ती न वाकणारी ठरली, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं आणि फाइलमध्ये त्याला जागाही नव्हती. मग त्यांनी हृदयाच्या तपासणीचा कागद दाखवला. हृदय ताणलं गेलं होतं. आधी ते जेवढं रक्त ढकलत होतं त्याच्या निम्म्याच्या थोडं वर आता ढकलत होतं. हे परत येईल का, असं मी विचारलं. थोडं येईल, सगळं नाही. किती टक्के, असं मी विचारलं. ते म्हणाले, असा आकडा देता येत नाही. यापुढे आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागेल, हे मात्र त्यांनी नक्की सांगितलं.

मी नोकरी सोडली. महिन्याची पूर्वसूचना दिली नाही म्हणून शेवटचा पगार कापला गेला. नेमणुकीच्या पत्रात ती अट होती, तेव्हा तक्रार नाही. इन्चार्ज फाटकापर्यंत आला. म्हणाला, "काका, तुम्ही इंटरव्ह्यूतच सांगायला पाहिजे होतं." चार ठिकाणी सांगितलं होतं, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

आता मी कळमन्याला एका धान्याच्या अडत्याकडे मुनीम आहे. पहाटे पाचला जातो, अकराला सुटतो. अकरा हजार. त्यानं मला फ्लेक्सिबल आहेस का असं विचारलं नाही. बेरीज येते का विचारलं, आणि कोणत्या वेळी जमेल ते विचारलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपार माझी नाही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "दुपारी बाजारच राहत नाही, भाऊ." घर त्या पैशात चालत नाही. मुलगी दर महिन्याला काही पाठवते, आणि तिचा नवरा ते कसं घेतो हे मी विचारत नाही.

वजन रोज मीच करतो, कळमन्याला निघायच्या आधी. काट्याकडे पाहतो आणि त्यानंतर नडगीवर अंगठाही दाबतो. ती पाय पुढे करते. म्हणते, करा पास. खळगा पडतो, बहुतेक दिवशी भरतो. ज्या दिवशी उशीर लावतो त्या दिवशी ती माझ्या तोंडाकडे पाहते, पायाकडे नाही.

जानेवारीत एका मंगळवारी, डायलिसिस झाल्यावर बाकावर बसली असताना ती म्हणाली की मॅडमकडे जायचं. मला वाटलं, भेटायला. तिनं पिशवीतून रुमालात बांधलेले पैसे काढले. भिशी लागली होती, तिची स्वतःची. मी विचारलं, कशाचे? फीचे, ती म्हणाली. माझी फी चुकती झाली आहे, मी म्हटलं. सहाच्या सहा हजार.

"तुमची झाली. माही राहिली."

मी म्हटलं, घरात औषधाचे पैसे नाहीत आणि तुला नोकरीचा इंटरव्ह्यू द्यायचा नाही. तिनं ऐकून घेतलं.

"फुकट बसलं का माणूस दाराजवळ बसते," ती म्हणाली. "कोनी आलं का उठते, सरकते. पैसे देल्ले का मंग खुर्ची आपली. जे काही दिवस आहेत, तेवढे मंगळवार मले सरकाचं नाई."

जिने चढायला आम्हाला फार वेळ लागला. पहिल्या माळ्यावर बॅगांच्या दुकानाचं सामान ठेवतात. तिथे एका खोक्यावर ती बसली, पुन्हा उठली, मधल्या वळणावर कठडा धरून उभी राहिली. वर पोचलो तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते. मॅडमनं पाहिलं आणि काही विचारलं नाही, पाणी आणलं. तिनं त्यातला एक घोट घेतला, बाकीचं परत दिलं.

मग रुमाल सोडून पैसे टेबलावर ठेवले. मॅडम नको म्हणाल्या. ताई, तुम्ही याच हो, फी कशाला, असं म्हणाल्या. बायकोनं नोटा तशाच ठेवल्या आणि हात मांडीवर घेतले.

"तुमचीच रीत आहे न, मॅडम? अर्धे आता, अर्धे नोकरी लागल्यावर. नाई लागली तं तुमचे बुडाले."

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी नोटा मोजून खणात ठेवल्या, लाल खुर्ची उचलली आणि आत नेली, खिडकीपाशी, पहिल्या ओळीत.

१३ जानेवारी २०२६, मंगळवार. तीन हजार रुपये रोख, क्लासच्या मॅडमना. देणारी माझी बायको. हजर तेच तिघे. बाकी तीन हजार, तिला नोकरी लागल्यावर.